भिंतीवरचे दहा टप्पे आणि रात्रपाळीची सिस्टर

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, खासगी प्रसूतिगृहात इन्चार्ज सिस्टर म्हणून काम करणाऱ्या ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे स्तनपानाच्या दहा टप्प्यांचा, म्हणजे यशस्वी स्तनपानासाठी रुग्णालयांनी पाळायच्या मानकांचा, फलक दर्शनी भिंतीवर लावलेला आहे, गेल्या वर्षी सगळ्या स्टाफचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले, लेखी चाचणीत बहुतेकांनी उत्तरे बरोबर लिहिली, आणि तरीही घरी जाण्याआधी बऱ्याच बाळांना पावडरचे दूध पाजले गेलेले असते. डॉक्टरांचे म्हणणे असे की स्टाफमध्ये जाणीव कमी आहे, तेव्हा पुन्हा प्रशिक्षण घ्या. त्यासाठी कोणता अभ्यासक्रम निवडावा आणि स्टाफला मानके कितपत माहीत आहेत हे तपासायला प्रश्नपत्रिका कशी काढावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे आणि आता जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सरकारी तसेच खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना स्तनपान साहाय्याचे प्रशिक्षण देते. त्या अनुभवावरून सांगायचे तर, आपल्या स्टाफला मानके माहीत आहेत, हे आपल्याच चाचणीने सिद्ध केले आहे. रात्री दोन वाजता बाळ रडत असते, आजी चिडलेली असते, आई म्हणते दूध येत नाही; अशा वेळी ड्युटीवरची सिस्टर काय करते, आणि तिला वेगळे काही करता येईल अशी व्यवस्था आपण तिला दिली आहे का, हे त्या चाचणीतून कळत नाही. खरी अडचण तिथे आहे, असे मला आपला प्रश्न वाचून वाटले.

ही अडचण एकट्या आपल्या प्रसूतिगृहाची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात, पण तीन वर्षांखालील मुलांपैकी जन्मानंतर एका तासाच्या आत अंगावर पाजलेल्यांचे प्रमाण केवळ ४१.८ टक्के आहे. ज्या तासात आई आणि बाळ दोघेही प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली असतात, नेमका तोच तास हुकतो, असा या दोन आकड्यांचा अर्थ होतो. त्याचे खापर घरच्यांच्या अडाणीपणावर फोडता येणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. आपल्याकडे सिझरचे प्रमाण किती, रात्री एका सिस्टरकडे किती बाळंतिणी असतात, बालरोगतज्ज्ञ त्याच इमारतीत आहेत की फोनवर, भूलतज्ज्ञ रोजचे आहेत की बोलावल्यावर येणारे, आणि मुख्य म्हणजे मालक डॉक्टरांना हा बदल मनापासून हवा आहे की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते. यातले शेवटचे नसेल, तर इन्चार्ज सिस्टरने कितीही धडपड केली तरी काम एका मर्यादेपलीकडे जात नाही.

मानकांविषयी थोडक्यात, कारण फलक वाचून ती पुरती कळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये यशस्वी स्तनपानासाठीचे दहा टप्पे मांडले, १९९१ मध्ये त्यावर आधारित बाळस्नेही रुग्णालय उपक्रम सुरू झाला आणि २०१८ मध्ये या टप्प्यांची फेरमांडणी झाली. आपल्याकडच्या बऱ्याच भिंतींवर अजून जुनीच मांडणी लटकलेली दिसते. फरक वरवर किरकोळ वाटतो, पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. जुन्या दुसऱ्या टप्प्यात सर्व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे असे म्हटले होते. नव्या मांडणीत कर्मचाऱ्यांकडे पुरेसे ज्ञान, क्षमता आणि कौशल्य असल्याची खात्री करावी असे म्हटले आहे. प्रशिक्षण दिले, हजेरीवर सह्या घेतल्या, प्रमाणपत्रे वाटली, एवढ्याने आता तो टप्पा पूर्ण होत नाही. प्रसूतीपूर्व, प्रसूती आणि नवजात सेवेतील किमान ८० टक्के कर्मचाऱ्यांची गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष क्षमता तपासली गेलेली असावी, अशी त्यामागची अपेक्षा आहे. शिरेतून सलाइन लावता येते की नाही हे आपण कोणत्याही सिस्टरला कागदावर विचारत नाही, तिचा हात पाहतो. बाळाला आईच्या अंगावर नीट लावण्याचे कामही त्याच जातीचे आहे.

म्हणून प्रश्नपत्रिका तूर्त बाजूला ठेवावी आणि काही दिवस लेबर रूममध्ये, जमल्यास वेगवेगळ्या पाळ्यांत, नुसते उभे राहून पाहावे, असे मी सुचवेन. बोलू नये, सुधारू नये, फक्त घड्याळ पाहून नोंद करावी: बाळ जन्मले किती वाजता, आईच्या उघड्या छातीवर ठेवले किती वाजता, तिथून उचलले किती वाजता आणि कशासाठी, आणि पहिल्यांदा दूध ओढले किती वाजता. सामान्य प्रसूतीत बाळ जन्मले की ते पुसायचे, रडले की आईला लांबूनच दाखवायचे, वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रावर) न्यायचे, वजन करायचे, व्हिटॅमिन के टोचायचे, दुपट्यात गुंडाळायचे आणि बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांच्या हाती द्यायचे, हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यातले काही चुकते आहे असे कोणालाही वाटत नाही. तिकडे टाके घालणे चालू असते, फोटो निघतात, पेढे येतात, आणि बाळ आईजवळ परत येईपर्यंत दीड-दोन तास उलटतात. त्याच सिस्टरला विचारले तर ती फाडकन सांगते, ‘पहिल्या तासात स्तनपान’. तिच्या मनात ते उत्तर आणि हातून होणारे काम यांची कधी गाठच पडलेली नसते.

येथे समजून घेण्याचा मुद्दा असा की, तब्येतीने ठीक असलेल्या बाळाचे वजन तासाभराने केले तरी काही बिघडत नाही, व्हिटॅमिन केसुद्धा त्या तासानंतर देता येते, आणि टाके घालणे चालू असतानाही बाळ आईच्या छातीवर राहू शकते. बाळाला पुसून कोरडे करावे, डोक्याला टोपी घालावी, आईच्या कातडीला त्याची कातडी लागेल असे पालथे ठेवावे, दोघांवर एकच पांघरूण घालावे आणि नाक मोकळे आहे, रंग गुलाबी आहे, श्वास नीट चालू आहे यावर लक्ष ठेवावे. या तासात बाळाला घाईने स्तनाला चिकटवण्याचीही गरज नसते. ते आधी स्वस्थ पडून राहते, मग तोंड हलवू लागते, हात चाटते, सरकते आणि बहुतेक वेळा आपले आपण स्तनापाशी पोचते. बऱ्याच सिस्टर पहिल्या दहा मिनिटांत त्याचे डोके धरून स्तनावर दाबतात, बाळ ओढत नाही असे पाहून ‘चोखत नाही’ अशी नोंद करतात, आणि वरच्या दुधाची पहिली पायरी तिथेच रचली जाते.

सिझरच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. मणक्यातून भूल दिलेली आई जागी असते आणि तिच्या छातीवर बाळ देता येते. पूर्ण भूल दिली असेल तर ती शुद्धीवर येऊन सावध होईपर्यंत थांबावे लागते. प्रत्यक्षात मात्र दोन्ही बाबतींत बाळ आजीच्या मांडीवर जाते आणि आई वॉर्डात येऊन थोडी स्थिरावेपर्यंत तिथेच राहते. मधल्या वेळेत ते रडले तर साखरपाणी, मध किंवा घरून आणलेली गुटी यांपैकी काहीतरी त्याच्या ओठांना लागतेच. यात जाणीव कमी आहे असे म्हणणे मला सोपी पळवाट वाटते. ऑपरेशन थिएटरमधून बाळाला आईजवळ कोणी न्यायचे, पाठीवर उताण्या पडलेल्या बाईच्या छातीशी बाळाला कोणी धरून ठेवायचे, हे कोणाच्याच ड्युटीत लिहिलेले नसते. ज्या ठिकाणी हे काम त्या पाळीतल्या एका ठरावीक व्यक्तीच्या नावावर लावले गेले, तिथे सिझरच्या बाळांचा पहिला पाजण्याचा वेळ झपाट्याने खाली आलेला मी पाहिला आहे, आणि त्यासाठी कोणताही नवा अभ्यासक्रम लागला नाही.

आता रात्रपाळी. बहुतेक वरचे दूध पहिल्या आणि दुसऱ्या रात्री सुरू होते. दिवसभर झोपलेले बाळ रात्री दर तासाला जागे होते, आईला टाक्यांनी बसवत नाही, स्तन अजून मऊच असतात, आणि उशाशी बसलेली सासू किंवा आई आपल्या अहिराणीत सिस्टरला सांगते, ‘तिले दूधच येस नही’. या वाक्यापुढे सिस्टरकडे दोन वाटा असतात. पावडर कालवून वाटी-चमच्याने पाजली की पंधरा मिनिटांत खोली शांत होते. आईला कुशीवर वळवून किंवा पाठीला उशी देऊन बसवायचे, बाळाला लावायचे, पकड चुकली तर सोडवून पुन्हा लावायचे, आजीची समजूत घालायची, यात अर्धा तास सहज जातो, आणि तेवढ्यात तिकडे लेबर रूममध्ये कोणाची तरी प्रसूती जवळ आलेली असते. एकटी सिस्टर पहिली वाट धरते यात तिला दोष देणे मला पटत नाही. दुसरी वाट तिला परवडेल, एवढी सोय व्यवस्थेने करायला हवी.

ती सोय मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिली म्हणजे रात्रीची मावशी, म्हणजे वॉर्डातली मदतनीस बाई. आपल्याकडे प्रशिक्षणाला जीएनएम आणि एएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम झालेल्या सिस्टर बसतात, पण रात्री बाळाचे लंगोट बदलणारी, त्याला उचलून आईजवळ देणारी, आजीशी तिच्या बोलीत बोलणारी आणि ‘पोर उपाशी से’ म्हणत पावडरचा डबा आणायला सुचवणारीही मावशीच असते. तिला दहा टप्पे पाठ करवू नयेत, तिला चारच गोष्टी हाताने करायला शिकवाव्यात: बाळाचे पोट आईच्या पोटाला लागेल असे सरळ रेषेत धरणे, तोंड पूर्ण उघडेपर्यंत थांबणे, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने जास्तीत जास्त तोंडात जाईल असे लावणे, आणि हाताने चीक काढून तो आईला व आजीला दाखवणे. हनुवटी स्तनाला टेकली आहे, खालचा ओठ बाहेर वळलेला आहे, गाल फुगलेले आहेत आणि आईला टोचल्यासारखे दुखत नाही, एवढे पाहता आले की पकड बरी आहे असे समजावे. आजीच्या डोळ्यांसमोर पिवळ्या चिकाचे चार थेंब चमच्यात पडले की तासाभराच्या व्याख्यानाने होत नाही ते होते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम ५ ते ७ मिलिलिटर लागते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, हे त्याच चमच्याकडे बोट दाखवून सांगावे. स्तन मऊ आहेत म्हणून दूध नाही असे नसते. ते भरून येणे साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते, सिझरनंतर कधी थोडे उशिरा, आणि दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवत असल्याने रात्रीचे पाजणे टाळले तर ते आणखी लांबते.

दुसरी सोय म्हणजे लेखी आदेश. वरचे दूध हे औषधासारखे मानावे आणि डॉक्टरांनी केसपेपरवर कारण, प्रमाण, किती वेळा आणि कशाने पाजायचे हे लिहून सही केल्याशिवाय ते कोणत्याही बाळाला देऊ नये, असा नियम आपल्या प्रसूतिगृहाने करावा. यात स्टाफला मोठा आधार मिळतो. नातेवाईक कितीही मागे लागले तरी ‘डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मला देता येत नाही’ असे सिस्टर म्हणू शकते, आणि डॉक्टरांनाही रात्री फोन आल्यावर ‘द्या थोडे’ असे म्हणण्याआधी कारण शोधावे लागते. आपण सांगितलेल्या सगळ्या अडचणींत एकच गोष्ट करता येणार असेल, तर मी हीच करायला सांगेन. महिनाभराने ते आदेश एकत्र काढून पाहावेत. कोणत्या पाळीत, कोणत्या कारणाने, कोणाच्या सांगण्यावरून डबा उघडला जातो हे त्यातून आपोआप दिसते. कारणाच्या जागी ‘नातेवाइकांचा आग्रह’ असेच पुन्हा पुन्हा लिहिलेले आढळले तर प्रशिक्षण कोणाला हवे आहे तेही कळते.

मात्र याची दुसरी बाजू मी आवर्जून सांगते, कारण उत्साहाच्या भरात ती विसरली जाते. डब्याला इतके घाबरायचे की खरोखर उपाशी असलेले बाळही लपवायचे, हे मानकांत बसत नाही. मुदतीपूर्वी जन्मलेले, कमी वजनाचे किंवा मधुमेही आईचे बाळ, ज्याची साखर घसरू शकते, त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. त्याहून जास्त झाली, बाळ मलूल पडले, चौथ्या-पाचव्या दिवशीही शी काळीच राहिली किंवा लघवी अगदी कमी झाली, तर पाजण्याची पूर्ण तपासणी आणि बालरोगतज्ज्ञांचे मत तातडीने हवे. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आलेले बाळ जंतुसंसर्गाचे असू शकते तसेच दूध न पोचल्याने पाणी कमी झालेलेही असू शकते, आणि दोन्ही शक्यता डॉक्टरांपुढे मांडणे हे सिस्टरचे काम आहे. पूरक आहार द्यावाच लागला तर पहिली पसंती आईच्याच काढलेल्या दुधाला, मग उपलब्ध असल्यास मातृदुग्धपेढीतील दुधाला आणि त्यानंतर पावडरला असते, आणि तेही वाटी-चमच्याने. बाटली आणि रबरी बोंड आपल्या वॉर्डात कोणत्याही कारणाने येऊ देऊ नये.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर पाण्याचेही सांगते. ‘एवढ्या उन्हात पोराचा घसा सुकेल’ ही भीती आपल्याकडे सुशिक्षित घरांतही असते आणि काही वेळा ती स्टाफच्याही मनात असते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही. उन्हाळ्यात त्याला जास्त वेळा पाजावे लागते एवढेच. पाण्याची खरी गरज आईला असते, आणि बाळंतिणीने पाणी बेताने प्यावे ही समजूत काही घरांत अजून आहे. वॉर्डात तिच्या खाटेजवळ भरलेला तांब्या आहे का, हे सिस्टरने फेरीत पाहावे.

सातपुड्याकडून, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा किंवा चोपडा-यावलच्या पाड्यांवरून येणाऱ्या आयांबाबत अडचण वेगळी असते. तिथे बाळाला जास्त काळ अंगावर पाजण्याची रीत मुळातच घट्ट असते, पण भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला आमची पुस्तकी मराठी अर्धीमुर्धीच कळते आणि ती प्रत्येक सूचनेला मान हलवते. समुपदेशन झाले अशी नोंद होते. प्रत्यक्षात पहिला चीक पिळून टाकलेला असतो. तिच्यासोबत आलेल्या आशाताईला खोलीबाहेर बसवण्याची पद्धत मोडून तिलाच मध्ये बसवावे, आणि आईला ‘कळले का’ असे न विचारता ‘आता करून दाखव’ असे सांगावे.

कायद्याविषयी मात्र स्टाफची जाणीव खरोखरच कमी असते, आणि येथे प्रशिक्षण उपयोगी पडते. शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांचे नियमन करणारा आपला कायदा १९९२ चा आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला गेला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात करणे, फुकट नमुने देणे, दवाखान्यात त्यांचे फलक लावणे, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू किंवा पैसे देणे आणि त्यांच्या परिषदांना पैसा पुरवणे याला त्यात मनाई आहे; उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे सगळे फक्त सरकारी दवाखान्यांना लागू आहे, अशी समजूत खासगी रुग्णालयांतल्या सिस्टरांमध्ये सर्रास आढळते, आणि ती चुकीची आहे. लसीकरणाच्या खोलीतले कंपनीच्या नावाचे कॅलेंडर, वजनाचा तक्ता, पेनस्टँड, ड्रॉवरमध्ये ‘गरजूंसाठी’ ठेवलेले नमुन्याचे डबे, या वस्तू एकदा स्टाफबरोबर फिरून गोळा कराव्यात. वर्गात बसून शिकवण्यापेक्षा हा धडा जास्त टिकतो. एक गोष्ट स्पष्टच लिहिते: प्रसूतिगृहाच्या आवारातल्या मेडिकल स्टोअरमध्ये डबे आणि बाटल्या समोरच्या कपाटात मांडलेल्या असतील, तर साध्या विक्रीला कायद्याने बंदी नसली, तरी सिस्टरच्या तोंडून आलेला शब्द त्या कपाटापुढे फिका पडतो, आणि याची तजवीज मालकांनीच करायची असते.

डिस्चार्जचा टप्पा सगळ्यात दुबळा असतो. पहिली प्रसूती माहेरी होते, आईची नोंद सासरच्या गावच्या आशाताईकडे असते, प्रसूती तालुक्याच्या ठिकाणी होते आणि बाळंतीण माहेरच्या तिसऱ्याच गावी जाते. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळासाठी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचे असते, पण बाळ आपल्या गावात आले आहे हेच तिला माहीत नसते. डिस्चार्ज कार्डवर बाळ ज्या गावी जाणार त्या गावचे नाव आणि तिथल्या आशाताईचा फोन नंबर लिहावा, आणि कार्ड देण्याआधी तिला एक फोन करावा. स्तन दगडासारखे होणे, स्तनाग्राला चिरा पडणे आणि दूध कमी पडते आहे असे वाटणे, या तीन तक्रारी घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यातच येतात आणि डबा त्याच आठवड्यात घरात शिरतो.

अभ्यासक्रमाचे विचारले आहे, म्हणून सांगते. स्तनपानाला प्रोत्साहन देणारा केंद्र सरकारचा ‘माँ’ कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे आणि त्याचे प्रशिक्षण साहित्य चांगले आहे. आपल्या जिल्ह्यातील माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था १९९१ मध्ये आपल्याच राज्यात, वर्ध्याला स्थापन झाली. तिचे अभ्यासक्रम सखोल असतात. बाळाला धरण्याच्या व लावण्याच्या पद्धतीसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील आरोग्य-पोषणाच्या मराठी चित्रफिती मी स्वतः वापरते, कारण त्या थांबवून, मागे नेऊन पुन्हा दाखवता येतात. पण यांपैकी काहीही घेतले तरी सगळ्यांना एका दिवशी हॉलमध्ये बसवू नये. दोन सिस्टर आणि एक मावशी अशा लहान गटाने, वॉर्डातल्याच आईपाशी, तिची परवानगी घेऊन शिकावे आणि त्याच आठवड्यात प्रत्येकीने आपल्यासमोर एका आईला मदत करून दाखवावी. जमले नाही तर नापास म्हणू नये, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहावे.

तपासणीसाठी आईलाच विचारणे सगळ्यात विश्वासार्ह ठरते. घरी जाण्याच्या दिवशी, नातेवाईक बिले भरायला गेलेले असताना, तिला विचारावे की बाळ तुझ्या उघड्या छातीवर कधी ठेवले आणि किती वेळ राहिले, तुझ्या दुधाशिवाय त्याला काय आणि कोणाच्या सांगण्यावरून दिले, बाळ भुकेले आहे हे रडण्याआधी तू कशावरून ओळखशील, आणि कोणी तुझ्याजवळ बसून तुला पाजताना पाहिले का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर फार वेळा येते. पहिल्या तासात पाजलेली पूर्ण दिवसांची बाळे किमान ८० टक्के आणि घरी जाईपर्यंत फक्त आईच्या दुधावर असलेली बाळेही किमान ८० टक्के असावीत, असे २०१८ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. आपला आकडा आज ३० असेल तर ३० लिहावा आणि तोच फलकाशेजारी लावावा. फुगवलेला आकडा स्टाफला लगेच ओळखू येतो आणि मग कोणीच नोंदी गंभीरपणे घेत नाही.

शेवटची अडचण आपण विचारलेली नाही, पण ती येणारच आहे. खासगी प्रसूतिगृहांतल्या शिकलेल्या सिस्टर सरकारी भरती निघाली की जातात, आणि नव्याने पास झालेली मुलगी पहिल्याच आठवड्यात एकटी नाइटला लागते. तिची पहिली काही रात्रपाळी तरी जुन्या मावशीबरोबर किंवा पकड लावता येणाऱ्या सिस्टरबरोबर लावावी, आणि वरच्या दुधाच्या लेखी आदेशाचा नियम तिला रुजू होण्याच्या दिवशीच, डॉक्टरांच्या समोर, सांगावा.